वसतिगृहासाठी संमिश्र पूर्वनिर्मित बांधकाम : कारखान्यात काय करून घ्यावे आणि जागेवर काय ठेवावे?

प्रश्न : समितीतला एक

नमस्कार.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या इमारत समितीवर मी सदस्य आहे. माझा पेशा शिकवण्याचा असल्यामुळे बांधकामातले जे काही मला कळते ते बैठकांमध्ये कानावर पडलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो. संस्थेला ३०० विद्यार्थ्यांसाठी तळमजला आणि त्यावर पाच मजले असे वसतिगृह बांधायचे आहे. एका खोलीत दोन विद्यार्थी आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्वच्छतागृह, म्हणजे वरच्या प्रत्येक मजल्यावर ३० सारख्या खोल्या येतात. तळमजल्यावर भोजनगृह, अभ्यासिका आणि कार्यालय असेल.

आमची खरी अडचण तारखेची आहे. शैक्षणिक वर्ष इमारतीसाठी थांबत नाही, आणि ताबा मिळायला दोन महिने जरी उशीर झाला तरी विद्यार्थी तोपर्यंत बाहेर सोय करून मोकळे होतात, त्यामुळे इमारत त्या वर्षी अर्धी रिकामीच राहते. म्हणून पूर्वनिर्मित पद्धतीचा विचार पुढे आला. एका सल्लागाराचे म्हणणे असे, की अख्ख्या खोल्याच खाट, कपाट आणि दिव्यांसह कारखान्यातून आणून एकावर एक रचाव्यात. दुसरे सल्लागार म्हणतात, की पाया, तळमजला, आणि जिने व लिफ्टचा गाभा (त्यांच्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती) जागेवर ओतावा, वरच्या मजल्यांचे स्लॅब आणि भिंती प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यात आधीच ओतलेल्या, आणाव्यात, आणि तयार खोक्याच्या रूपात फक्त स्वच्छतागृहे घ्यावीत. या दुसऱ्या पद्धतीला ते संमिश्र म्हणतात.

दोघांच्याही सादरीकरणात वेळ निम्मा होईल असे लिहिलेले आहे, आणि दोघांचेही चित्र सारखेच सुंदर आहे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा अशी इमारत नंतर सांभाळली आहे, त्यांच्याकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वेळ खरोखर कुठे वाचतो, कारखान्यात कोणते भाग न्यावेत आणि कोणते नेऊ नयेत, आणि दहा वर्षांनी पश्चात्ताप कशाचा होतो?

प्रतिसाद १ : ओळंबा

मी संरचना अभियंता आहे आणि आपल्या दुसऱ्या सल्लागारांच्या बाजूने झुकलेला आहे, तेव्हा माझे म्हणणे तेवढे लक्षात ठेवूनच वाचावे.

खोलीकडे आधी गवंड्याच्या नजरेने पाहा. दोन खाटांची खोली म्हणजे चार सपाट भिंती, वर छत, एक दार आणि एक खिडकी. तिच्यात काम थोडे आणि हवा फार. ती खोकी करून आणायची तर एका ट्रकवर एकच खोली येते, रुंदी रस्त्याच्या नियमात बसवावी लागते आणि क्रेनही त्या वजनाच्या हिशेबाने मोठी लागते. त्याच भिंती सपाट तुकड्यांच्या रूपात आणल्या तर एका ट्रकमध्ये कितीतरी खोल्यांच्या भिंती मावतात. स्वच्छतागृहाचे गणित मात्र अगदी उलटे आहे. तीन-चार चौरस मीटरच्या त्या जागेत गवंडी, नळकामवाला, वायरमन, फरशीवाला, वॉटरप्रूफिंगवाला आणि दार बसवणारा सुतार हे सगळे एकामागून एक येतात, एकाला उशीर झाला की पुढचे सगळे खोळंबतात, आणि आधीच्याने केलेले काम पुढचा थोडेफार फोडतोच. आपल्याकडे अशा जागा १५० आहेत. कारखान्यात न्यायची एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी डोळे मिटून स्वच्छतागृह निवडीन.

भोजनगृह आणि अभ्यासिकेला मोठे, खांब नसलेले गाळे लागतात, ते तळमजल्यावर जागेवरच ओतलेले बरे. लिफ्ट आणि जिन्यांचा गाभाही जागेवरच असावा, कारण वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा भार त्यालाच पेलायचा असतो.

आता वेळेबद्दल. या चर्चेत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ब्रॉक कॉमन्स टॉलवुड हाऊस या वसतिगृहाचे नाव हमखास निघते, आणि ते काम शिकण्यासारखे आहेच. १८ मजले, ४०४ विद्यार्थी, तळमजला आणि दोन गाभे काँक्रीटचे, त्यावरचे १७ मजले लाकडी. जाड लाकडी फळ्या आडव्या-उभ्या थरांनी चिकटवून केलेले स्लॅब तिथे तुळया न घालता थेट लाकडी खांबांवर टेकवले आहेत. लाकडाचा हा सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला, आणि सादरीकरणात नेमका हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. काम २०१५ च्या अखेरीस सुरू झाले आणि विद्यार्थी राहायला आले ते २०१७ मध्ये, हे मात्र त्यात दिसत नाही. लाकूड येण्याआधी पाया, तळमजला आणि दोन्ही गाभे पूर्ण झालेले होते, आणि त्याच्याही आधी सांधे तपासून पाहण्यासाठी दोन मजल्यांचा खऱ्या मापाचा नमुना उभारून झाला होता. ते ७० दिवस त्या सगळ्या तयारीच्या जोरावर मिळाले.

म्हणजे वेळ वाचतो, पण दोन अटींवर. पहिली अशी, की जागेवर पायाचे काम चालू असताना कारखान्यात तुकडे तयार व्हायला हवेत, आणि त्यासाठी सगळे निर्णय पाया खणण्याआधी झालेले हवेत. नेहमीच्या बांधकामात वीजबटणाची जागा चुकली तर छन्नी घेऊन भिंत फोडता येते. प्रीकास्ट भिंतीत ती पेटी साच्यातच बसवलेली असते, त्यामुळे खाटेचे डोके कुठल्या बाजूला असेल हे आपल्या समितीला वर्षभर आधी ठरवावे लागेल आणि नंतर त्या शब्दाला जागावे लागेल. माझ्या अनुभवात समित्यांना हेच सर्वांत जड जाते.

दुसरी अट मापांची. कारखान्यातला तुकडा चार-पाच मिलिमीटरच्या आत अचूक येतो, तर जागेवर ओतलेला गाभा मजल्यागणिक थोडा थोडा सरकत जातो. मी स्वतः अशा एका कामावर होतो. लिफ्टच्या शाफ्टमध्ये वरून ओळंबा सोडला तेव्हा पाचव्या मजल्याशी गाभा ३० मिलिमीटर कललेला निघाला. काँक्रीटच्या कामात ही काही आभाळ कोसळण्यासारखी चूक नव्हे, पण त्या गाभ्याला स्लॅब टेकवण्यासाठी जे लोखंडी अँगल कारखान्यातून भोके पाडून आले होते, त्यांतला एकही बसेना. नवी भोके पाडून, मागे पट्ट्या भरून काम पुन्हा सुरू होईपर्यंत ११ दिवस क्रेन भाडे घेत उभी होती. तेव्हापासून मी अशा अँगलना गोल भोके न ठेवता लांबट खाचा ठेवतो, आणि गाभ्याचे प्रत्येक मजल्याचे प्रत्यक्ष माप कारखान्याला कळवल्याशिवाय पुढचे तुकडे कापू देत नाही.

दोन वेगळे पदार्थ एकत्र आले की ते वेगवेगळे आखडतात, हेही ध्यानात ठेवावे. वर सांगितलेल्या १८ मजली इमारतीत लाकडी खांब काळानुसार जेवढे आखडतील तेवढे काँक्रीटचे गाभे आखडणार नाहीत, म्हणून ठराविक मजल्यांवर खांबांच्या जोडांत पातळ लोखंडी चकत्या घालून ती तूट आधीच भरून काढली होती. आपल्या सहा मजल्यांत, आणि तेही सगळे काँक्रीटचे असेल तर, हा प्रश्न किरकोळ आहे.

प्रतिसाद २ : मोजपट्टी

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु सुरक्षिततेचा मुद्दा सांध्यांवरच उभा असल्यामुळे त्याविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत प्रीकास्ट भिंती आणि प्रीकास्ट स्लॅब यांची होती. १६ मे १९६८ रोजी १८ व्या मजल्यावरील कोपऱ्याच्या घरात गॅसचा स्फोट झाला, तेथील बाहेरची भिंत निखळली, तिच्या आधाराने उभे असलेले वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचे मजलेही त्याच कोपऱ्यात कोसळत गेले. लोक राहायला येऊन त्या इमारतीला जेमतेम दोन महिने झाले होते. चार जण मृत्युमुखी पडले. १९८६ मध्ये ती इमारत उतरवली तेव्हा अनेक सांध्यांमध्ये मसाला धड भरलेलाच नाही, असे आढळले. तुकडा कारखान्यात कितीही चांगला झाला असला, तरी सांधा भरणारा माणूस जागेवर, पावसात किंवा उन्हात, घाईने काम करत असतो. म्हणून एक भिंत गेली तरी तिच्यावरचा भार आजूबाजूला वाटला जाईल अशा सळया आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी सांध्यांतून बांधलेल्या असाव्यात. आपल्या सल्लागारांना सांध्याचा तपशील दाखवायला सांगावे, आणि प्रत्येक सांध्यात ग्राउट (सांधा भरणारा पातळ सिमेंटचा मसाला) भरल्याची नोंद कोण ठेवणार, त्या माणसाचे नावच करारात घालून घ्यावे.

आगीविषयीही थोडे. अख्ख्या खोल्या एकमेकींशेजारी रचल्या की दोन खोक्यांच्या मध्ये अरुंद पोकळी राहते, आणि ती जागोजागी बंद केली नाही तर धूर त्या वाटेने मजलेच्या मजले चढतो. सपाट भिंतींच्या पद्धतीत ही पोकळी नसते, परंतु स्वच्छतागृहाचे तयार खोके आणि खोलीची भिंत यांच्यामध्ये ती पुन्हा येतेच. नळ आणि वायरी जिथे स्लॅबमधून आरपार जातात ती भोके आग रोखणाऱ्या पदार्थाने भरली आहेत का, हे त्यापुढची भिंत बंद होण्यापूर्वी पाहावे, कारण नंतर ते कोणालाच दिसत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र अख्ख्या खोल्यांची पद्धत सरस ठरते, हे मान्य केले पाहिजे. दोन खोल्यांमध्ये आपोआप दोन वेगळ्या भिंती येतात आणि वरच्याची जमीन खालच्याच्या छताला चिकटलेली नसते. किंमत म्हणून प्रत्येक मजल्याची जाडी वाढते, आणि उंचीला मर्यादा असेल तर तेवढ्यात एखादा मजला हातचा जाऊ शकतो.

प्रतिसाद ३ : माजी वसतिगृह-अधीक्षक

मी बांधणाऱ्यांपैकी नाही. असे एक वसतिगृह मी नऊ वर्षे सांभाळले आहे, त्यामुळे आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

आमच्याकडे स्वच्छतागृहे तयार आली होती. पहिली तीन वर्षे गळतीची एकही तक्रार आली नाही, आणि साध्या बांधकामाच्या शेजारच्या इमारतीत तर दर पावसाळ्यात छताला डाग पडत होते, तेव्हा त्या कारखान्याच्या कामाला मी नावे ठेवणार नाही. चौथ्या वर्षी एका खोक्यामागच्या उभ्या नळाचा जोड सुटला. नळ होता खोके आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर जागेत, आणि तिथे पोहोचायला बाहेरून दारच ठेवलेले नव्हते. शेवटी आतून आरसा उतरवला, त्यामागचा पत्रा कापला आणि माणसाने खांद्यापर्यंत हात घालून, काही न दिसता, चाचपडत जोड आवळला. त्यानंतर दर काही महिन्यांनी कुठला ना कुठला पत्रा कापला जाऊ लागला, आणि कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा कधीच बसत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की नळांच्या प्रत्येक शाफ्टला, म्हणजे उभे नळ जातात त्या पोकळीला, मार्गिकेच्या बाजूने, कुलूप लावता येईल असे, माणूस निदान कमरेपर्यंत आत वाकू शकेल एवढे दार ठेवा. विद्यार्थ्याच्या खोलीत न शिरता दुरुस्ती करता आली पाहिजे. परीक्षेच्या दिवसांत हा फरक किती मोठा असतो, ते अधीक्षकालाच कळते.

बदलता येईल या आश्वासनावर फार विसंबू नका. टोकियोतील नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ मध्ये उभा राहिला तेव्हा दोन काँक्रीटच्या गाभ्यांना १४० लोखंडी खोल्या बोल्टने अडकवल्या होत्या आणि त्या साधारण पंचवीस वर्षांनी काढून नव्या बसवायच्या, अशी मूळ कल्पना होती. एकही बदलली गेली नाही, कारण खालची काढायची तर वरच्या आधी काढाव्या लागत होत्या, आणि सगळ्या मालकांचे एकमत होणे तर त्याहून कठीण होते. २०२२ मध्ये ती इमारत उतरवली. आपल्या इमारतीत खोके बाहेर निघणार नाही असे धरूनच चाला, आणि त्याच्या आतले भांडे, नळ, फरशी, दार हे सगळे साध्या प्लंबरला बाजारात मिळणाऱ्या मापांचे आहे ना, तेवढे पाहा. आमच्याकडची झाकणे कारखान्याच्या खास मापाची होती आणि तो कारखाना सातव्या वर्षी बंद पडला.

प्रतिसाद ४ : हिशेबनीस

कारखाना बंद पडण्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात सांगतो. या पद्धतीत बराचसा पैसा इमारत दिसू लागण्याआधीच द्यावा लागतो, आणि तो ज्या मालासाठी दिला तो माल दुसऱ्याच्या आवारात पडलेला असतो. उद्या त्या कारखान्यावर जप्ती आली तर आपली स्वच्छतागृहे कोणाची, हा प्रश्न तेव्हा विचारून उपयोग नसतो. आगाऊ रकमेइतकी बँक हमी घ्यावी, तयार झालेल्या प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि संस्थेचे नाव घालून मालकी हस्तांतराचा कागद करावा, आणि कारखाना, रस्ता व जागा या तिन्ही ठिकाणचा विमा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. बँकेचे कर्ज असेल तर तिच्याशी हे आधी बोलून ठेवावे, कारण जागेवर न दिसणाऱ्या कामासाठी हप्ता सोडण्याची सवय बऱ्याच बँकांना नसते.

समितीतला एक

सर्वांचे मनापासून आभार. शाफ्टच्या दाराचा मुद्दा आमच्या आराखड्यात खरोखरच नव्हता, तो मी कालच कळवला.

ओळंबा यांना आणखी एक विचारतो. आमच्या दुसऱ्या सल्लागारांच्या नकाशात स्वच्छतागृहाची जमीन खोलीपेक्षा १२० मिलिमीटर उंच दाखवली आहे, आणि दाराशी एक पायरी आहे. त्यांना विचारले तेव्हा तयार खोक्यांमध्ये असे असतेच, असे उत्तर मिळाले. हे खरोखर टाळता येत नाही का? चाकांच्या खुर्चीवरचा एखादा विद्यार्थी आला तर आम्ही त्याला काय सांगणार?

ओळंबा

टाळता येते, मात्र ते आत्ता ठरले पाहिजे.

तयार खोक्याला स्वतःची जमीन असते. ते खोलीच्याच स्लॅबवर ठेवले की त्या जमिनीची जाडी, खालची मोकळी जागा आणि सांडपाण्याच्या नळाचा उतार मिळून आपल्याला दिसते आहे ती पायरी तयार होते. तिच्यात अडखळण्याचा धोका आहेच, शिवाय ट्रॅप (सांडपाण्याच्या तोंडाशी असलेला वाकडा नळ) तुंबला की उंचावरचे पाणी थेट खोलीत उतरते. उपाय असा, की खोके जिथे बसणार तेवढा स्लॅबचा भाग खाली घ्यायचा. इथे आपला स्लॅब कोणत्या जातीचा आहे, हे महत्त्वाचे ठरते. पोकळ नळ्यांचा प्रीकास्ट स्लॅब असेल तर त्याची जाडी मध्येच कमी करता येत नाही, कारण वर पोकळ्या असतात आणि खाली ताणलेल्या तारा. खाली ७० मिलिमीटरच्या आसपास जाडीची प्रीकास्ट पाटी आणि तिच्यावर जागेवर ओतलेले काँक्रीट, अशा अर्ध्या-अर्ध्या स्लॅबमध्ये मात्र खोक्याच्या जागेपुरते वरचे काँक्रीट कमी ओतून खाच ठेवता येते. तेवढ्या भागात सळया वाढवाव्या लागतील आणि खालच्या खोलीच्या छताची उंची तपासावी लागेल. एवढे करूनही दहा-पंधरा मिलिमीटर उरलेच तर ते दाराशी उतरत्या पट्टीने मारता येतात. आपल्या सल्लागारांनी पोकळ स्लॅब धरलेला आहे असा माझा तर्क आहे. त्यांना तो आराखड्याच्या याच टप्प्यावर बदलायला सांगा.

चाकांच्या खुर्चीसाठी मोठे स्वच्छतागृह हा वेगळा साचा लागेल. शेजारच्या दोन खोल्यांनी एक शाफ्ट वाटून घेतला की डावे आणि उजवे असे दोन प्रकार होतात, आणि हा मोठा तिसरा. १५० नगांसाठी तीनच प्रकार ठेवा, चौथा कोणीही सुचवला तरी मान्य करू नका. प्रत्येक प्रकारचा पहिला नग कारखान्यात जाऊन पाहा, त्यात उभे राहा, दार उघडून-मिटून बघा, जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहा, आणि मगच पुढच्या नगांना परवानगी द्या. अधीक्षक महोदयांसारखा माणूस त्या वेळी बरोबर असेल तर उत्तमच.

क्रमाचेही सांगून ठेवतो. खोकी वरचा स्लॅब बसण्याआधी क्रेनने त्या मजल्यावर उतरवावी लागतात, नंतर ती फक्त बाहेरच्या भिंतीत भगदाड ठेवूनच आत सरकवता येतात. म्हणजे मजल्याची ३० खोकी आली नाहीत तर पुढचा मजला थांबतो, तेव्हा निदान एका मजल्याची खोकी जागेजवळ झाकून साठवण्याची सोय ठेवा. आणि ती उतरवल्याबरोबर दारांना कुलपे लावून किल्ल्या एकाच माणसाकडे द्या. सांडपाण्याचा नळ जोडायच्या आधी कामावरची माणसे त्या नव्या कोऱ्या स्वच्छतागृहांचा वापर सुरू करतात, आणि मग काय होते ते सविस्तर लिहिण्यासारखे नाही.

समितीतला एक

आत्ताच दूरध्वनीवरून विचारले. स्लॅब पोकळ नळ्यांचाच धरलेला आहे. गुरुवारी बैठक आहे, तिथे खाचेचा तपशील आणि तीन प्रकारांची मर्यादा, दोन्ही लेखी मांडतो.